ज्यानं लावला, त्यानंच काढायचा

दार सताड उघडं होतं, पण वैभवीला बाहेर पडता येत नव्हतं.

सक्करदऱ्यातलं लहानसं घर. समोर गाडीपुरतं पोर्च, त्यात तोंड आत करून लावलेली जुनी गाडी. डावीकडून ती भिंतीला चिकटलेली, उजवीकडून माणूस आडवा होऊन निघेल एवढी वाट. घराला मागचं दार नाही, खिडक्यांना लोखंडी जाळ्या. म्हणजे येण्याजाण्याचा रस्ता एकच, आणि त्या रस्त्यात, उंबऱ्यापासून दोन हातांवर, गाडीची स्प्रिंग दबा धरून बसली होती.

पुढच्या चाकाचा, धक्के झेलणारा शॉकअप वैभवीच्या नवऱ्यानं, अंकुशनं, सकाळी सातलाच उतरवला होता. त्याच्याभोवती ही स्प्रिंग, अंगठ्याएवढ्या जाड सळईची. ती दाबून धरल्याशिवाय जुना शॉकअप निघत नाही, नवा बसत नाही. दाबायला गॅरेजवाल्यांकडे खास शिकंजे असतात. अंकुशनं हार्डवेअरच्या दुकानातून आटे पाडलेले दोन रॉड, चार पट्ट्या आणि नट आणले होते.

"तेच काम करते. लोखंड ते लोखंड," तो म्हणाला होता.

स्प्रिंग निम्मी दबेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग एका रॉडचे आटे मेले, नट जाम झाला, रॉड वाकला आणि स्प्रिंग केळ्यासारखी एका अंगाला फुगून अडकली. आता ती दबतही नव्हती आणि सुटतही नव्हती.

वैभवीनं बी.एस्सी.ला स्प्रिंगला वजनं टांगून तक्ते भरले होते. तेव्हा जांभया दिल्या होत्या. आता उंबऱ्याच्या आत उभी राहून ती त्या वाकलेल्या रॉडकडे बघत होती आणि सगळे तक्ते आठवत होते. प्रयोगशाळेतली स्प्रिंग करंगळीएवढी होती. ही गाडीचा एक कोपरा उचलून धरणारी. सुटली तर कुठं जाईल, याचा हिशोब ती तासभर करत होती, आणि दर वेळी तो दारातून आत येत होता. आत, मधल्या खोलीत, कूलरसमोर तिची चौदा महिन्यांची लेक, सोनिका, झोपली होती.

खरं तर हे सगळं सोनिकापासूनच सुरू झालं. महिन्याभरापूर्वी कामठीहून येताना गाडी एका खड्ड्यात अशी आपटली की मागं वैभवीच्या मांडीवरची पोर उसळून समोरच्या सीटवर आदळली. एका गॅरेजवाल्यानं नवे शॉकअप टाकले म्हणून सांगितलं, पण गाडी तशीच झुलत राहिली. शेवटी कोपऱ्यावरच्या अनंत मिस्त्रीनं खाली वाकून शॉकअपवर खिळा ओढला. काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला, आत जुनं गंजकं लोखंड.

"साहेब, तुम्हाले रंग विकला त्यानं," अनंत हसत म्हणाला.

हसला नसता तर बरं झालं असतं. अंकुश खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर. हत्तीएवढे पंप उघडणारा माणूस, आणि त्याला कोणी रंग विकला! त्या दिवसापासून गॅरेजचं नाव काढायची सोय राहिली नाही.

"अनंतला बोलवा ना," वैभवी आता म्हणाली. "त्याच्याजवळ शिकंजे आहेत."

"अन् तो पुन्हा दात काढंन. काही नाही. रॉड कापून टाकतो. ग्राइंडर कुठं आहे?"

"अहो, कापाल तर एका झटक्यात सुटंन ती!"

"तू काहून घाबरून राहिली? मी बाजूले उभा राहतो ना."

"बाजू कोणती ते स्प्रिंगले माहीत आहे काय?"

तेवढ्यात फाटक वाजलं. सासूबाई, सुभद्राबाई, तलावावरचं फिरणं आटोपून आल्या होत्या, हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी.

"काहून वं, मले आत येऊ देता का नाही?"

"आई, तिथंच थांबा! पुढं येऊ नका!"

"बाप्पा! माह्याच घरी मले बंदी."

अंकुश ग्राइंडर घेऊन आला. वायर पुरेना, म्हणून लांबवायचा बोर्ड शोधायला तो माळ्यावर चढला. वैभवीजवळ होता तेवढाच वेळ होता. रडून काही व्हायचं नाही, भांडून तर नाहीच. तिची नजर दाराशेजारच्या मेन स्विचवर गेली.

लग्नाच्या पहिल्याच महिन्यात अंकुशनं तिला सांगितलं होतं: त्यांच्या सेक्शनात काम काढलं की आधी वीज बंद, मग बटणावर लाल टॅग, टॅगवर लावणाऱ्याचं नाव. ज्यानं लावला, त्यानंच काढायचा. साहेब आला तरी हात लावत नाही. एकदा कोणीतरी घाईत दुसऱ्याचा टॅग काढला आणि अंकुशच्या जोडीदाराची तीन बोटं गेली. तेव्हापासून हा नियम तो घरीही पाळायचा. गिझर दुरुस्त करताना टॅग लावून नाईट शिफ्टला गेला आणि विसरला, तर अकरा दिवस घरानं गॅसवर पाणी तापवलं, पण टॅगला कोणी बोट लावलं नाही.

तोच टॅग खणात होता. वैभवीनं मेन स्विच खाली ओढला. पंखा मंदावला, कूलर थांबला. टॅगवर पेननं लिहिलं: काम, स्प्रिंग. लावणारी, वैभवी. आणि सुतळीनं स्विचच्या दांड्याला गाठीवर गाठ मारली.

अंकुश उतरला, ग्राइंडरचं बटण दाबलं. काही नाही. पंख्याकडे बघितलं, मग स्विचकडे.

"हे काय नाटक आहे वं?"

"तुमचाच नियम आहे."

"घर आहे हे. प्लांट नाही."

"गिझरच्या वेळी प्लांट होता काय?"

फाटकातून सुभद्राबाई ओरडल्या, "अकरा दिवस बादल्या उचलल्या मी! आता तू बस!"

अंकुशचा हात टॅगपर्यंत गेला. वैभवी हलली नाही. त्यानं टॅग काढला असता तर तिच्याजवळ दुसरं काही उरलं नसतं. हात तिथंच, सुतळीपासून चार बोटांवर थांबला.

"काढ," तो म्हणाला.

"अनंतचे शिकंजे लागले की काढते."

मे महिना. पाच मिनिटांत घर तापलं. सोनिका घामानं उठली आणि जी रडायला लागली ती थांबेना. वैभवीनं तिला कडेवर घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं, पण स्विचजवळून सरली नाही. बाहेर पडायला वाट नाही, आत हवा नाही, आणि हे दुसरं तिनं स्वतःच्या हातानं केलेलं. पोरीचा श्वास हुंदक्यांत अडकला की वाटायचं, काढून टाकावा. मग पुन्हा तो वाकलेला रॉड दिसायचा.

अंकुश उंबऱ्यावर तिच्याकडे पाठ करून बसला होता. शेवटी मागं न बघता बोलला, "काम चालू असेपर्यंत टॅगवाला जागा सोडत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग इथंच उभं राहा लागंन. पोरगी माह्याजवळ दे."

हे तिनं धरलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, काम होईपर्यंत आपण सोनिकाला घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसू. पण मेन स्विच दाराशी, आणि नाव तिचं. तिनं पोर त्याच्या हाती दिली. त्यानं एका हातानं पोरीला सावरलं, दुसऱ्यानं फोन काढला.

"अनंतभाऊ... हो. मीच. शिकंजे घेऊन या."

अनंत आला. वाटेतून डोकावला आणि हसला नाही. याचीच वैभवीला जास्त भीती वाटली.

"साहेब, पोरगी घेऊन मागं जा. वहिनी, तुम्ही पण."

"त्या नाही येणार," अंकुश म्हणाला. "त्यांचा टॅग आहे." आणि पोरीला घेऊन आतल्या खोलीत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

वैभवी भिंतीच्या आडोशाला उभी राहिली. अनंतनं स्प्रिंगवर जुनी गादी टाकली, तिला साखळीनं चाक बसतं त्या खुंटाला बांधलं, आणि गादीखालून हात घालून एकेक शिकंजा चढवला. पाना इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. कुठंतरी लोखंड कुरकुरलं. वैभवीनं डोळे मिटले. मग टक्कन आवाज झाला आणि काहीतरी फरशीवर पडलं.

"रॉड निघाला," अनंत म्हणाला. "अजून अर्धा तास."

त्या अर्ध्या तासात तिनं आतल्या दाराकडे कान लावून ठेवला. आधी रडणं, मग अंकुशचं बेसूर गुणगुणणं, मग काहीच नाही. काहीच नाही हे जास्त वाईट होतं.

"झालं, वहिनी. नवा बसला. लाईन सुरू करा."

"स्प्रिंगवरचा दाब सुटला ना पूर्ण? नव्या शॉकअपवर नीट बसली ती?"

"स्वतः पाहून घ्या."

तिनं बाहेर येऊन बघितलं. स्प्रिंग सरळ उभी, शॉकअप गाडीत, सगळे नट आवळलेले. वाट मोकळी. मग ती परत स्विचशी आली आणि गाठ सोडायला लागली. सुतळी तिच्या हातांच्या घामानं ओली झाली होती. गाठ सुटेना.

आतलं दार उघडलं. अंकुश आला, खांद्यावर झोपलेली सोनिका, तिचे केस घामानं त्याच्या मानेला चिकटलेले. त्याचा मोकळा हात सवयीनं सुतळीकडे गेला, मग त्यानं तो मागं घेऊन पाठीशी ठेवला.

"सोड तूच," तो हळू म्हणाला.

"झालं काय वं?" फाटकातून सुभद्राबाईंचा आवाज आला. "येऊ काय आत? सांबार सुकून राहिला."

"थांबा, आई," वैभवीनं सुतळी दातांत धरली. "गाठ सुटून नाही राहिली."