दोर कुणाकडे?

नलूचं डावं मनगट मोडून वाकडं जुळलं, त्याला एक मे रोजी सोळा महिने झाले. बाकीचं लालबाग त्या दिवशी नव्या राज्याची तोरणं बांधत होतं. मी सोळा महिने मोजत होते.

आमच्या चाळीमागच्या मैदानावर तात्यांचा कसरत वर्ग भरायचा. तात्यांनी सारा जन्म सर्कशीत काढलेला. गुडघा निकामी झाल्यावर ते गिरणगावातल्या पोरांना फुकट शिकवू लागले. मनोरे, झोका, तारेवरून चालणं, एक शब्द न बोलता करायची नाटुकली. जाळं नव्हतं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वरच्या कप्पीवरून खाली येणार आणि खाली एकानं तो धरायचा. तात्यांचा नियम एकच. वर चढलेल्यानं विचारायचं, "दोर कुणाकडे?" खालच्यानं म्हणायचं, "माझ्याकडे." त्याशिवाय पाय उचलायचा नाही.

नलूनं विचारलं होतं. गंगाधर सर "माझ्याकडे" म्हणाले होते. तात्यांच्या हाताखाली वर्ग तेच चालवत. मी चार पावलांवर बसले होते. पोरगी वर असली की माझी नजर दोरावरून हलत नाही, स्वभावच तसा. तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला आला आणि सर हातातला दोर टाकून, कॉलर सारखी करत, मुलांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. सात वर्षांची नलू तारेवर एकटी राहिली.

ती पडल्यावर ते सगळ्यांना म्हणाले, "मी उत्तर दिलंच नव्हतं. पोरीनं वाट बघितली नाही."

मी जे ऐकलं, पाहिलं ते सांगितलं. शेजारच्या दुर्गाबाई म्हणाल्या, "अहो, संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आलेला माणूस. तो कशाला खोटं बोलेल?" आमच्या ह्यांनी तर मलाच समजावलं, "सुनेत्रा, दिवस कसले आहेत बघ. आपल्याच माणसाविरुद्ध बोलायचं का आता?"

ते सगळं मी गिळलं असतं. पण नलूनंही ते खरं मानलं. वाकडा हात फ्रॉकच्या खिशात लपवून ती फिरायला लागली. वेणी घालताना मध्येच विचारायची, "आई, मीच घाई केली ना गं?"

ती वेणी घालता घालताच मी ठरवलं. हे त्यांच्या तोंडून वदवायचं, आणि तेही साऱ्या चाळीसमोर.

मी वर्ग सोडला नाही. उलट तात्यांना म्हटलं, मला दोर धरायला शिकवा. बी.ए. झालेली बाई दोर धरणार म्हणून बाया हसल्या. तात्या हसले नाहीत. खांबाला एक वेढा कसा द्यायचा, म्हणजे आपल्यापेक्षा जड माणूसही पेलतो, ते त्यांनी दाखवलं. वर म्हणाले, "बाय, दोर धरणाऱ्यान तोंड बघूचा नाय, पाय बघूचे." वर्षभरात माझ्या तळहातांना घट्टे पडले. गंगाधर सर सगळ्यांना ऐकवायचे, "शिकलेलं माणूस वेगळंच. बाईंनी मनात काही ठेवलं नाही." मी हसून मान डोलवायची.

एक मेच्या संध्याकाळी सर डोक्यावर मंगलकलश घेऊन तारेवरून चालणार होते. एरवी त्यांचा दोर वर्गातला शिवा धरायचा, पण तो मनोऱ्याच्या खालच्या थरात होता. "सुनेत्राबाई धरतील," तात्या म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि दोर हातात घेतला.

सर शिडीनं वर गेले. कलश डोक्यावर, नारळासकट. ढोल थांबला.

"दोर कुणाकडे?"

मी गप्प.

"दोर कुणाकडे?" यावेळी जरा मोठ्यानं. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. कुणीतरी खिदळलं.

"बाई घाबरल्यात बहुतेक," सर वरून म्हणाले. "शिवा, ये रे तू."

"घाबरले नाही," मी म्हटलं. "एक विचारायचंय. नलूनं विचारलं तेव्हा तुम्ही उत्तर दिलं होतं की नव्हतं?"

 सर हसायला गेले. शिवा मनोऱ्याच्या जागेवरून हलला नाही. तिथूनच म्हणाला, "सर, बाई विचारतायत ते सांगून टाका की. वर किती वेळ उभे राहणार?"

मी त्यांचे पाय बघत होते. अंगठे फळीला घट्ट धरून होते आणि पोटऱ्या थरथरत होत्या. कलशातलं पाणी कपाळावरून ओघळलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

"दिलं होतं," ते म्हणाले.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"दिलं होतं. मी माझ्याकडे म्हणालो, आणि... फोटोसाठी दोर सोडला. पोरीची चूक नव्हती."

दुर्गाबाईंनी तोंडाला पदर लावला. मी दोर ताणून घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "माझ्याकडे. चला सर."

ते चालले नाहीत. दोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कलश पोटाशी धरून पाठमोरे, एकेक पायरी चाचपत खाली उतरले.

"काय सर, महाराष्ट्र परत घेऊन चाललात?" मागून कुणीतरी बोललं आणि अख्खं मैदान हसलं. सर कुणाकडे न बघता गर्दीतून निघून गेले. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.

नलू तात्यांच्या शेजारून उठून आली. माझ्या अगदी जवळ येऊन दबक्या आवाजात तिनं विचारलं, "आई, तू खरंच दोर सोडला असतास?"

मी पदर बाजूला केला. दोराचं टोक माझ्या कमरेला दोनदा गुंडाळून गाठ मारलेलं होतं. वरून ते दिसू नये, म्हणून तर पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता.

नलू गाठीकडे बघत राहिली. मग तिनं खिशातून डावा हात काढला आणि गाठ सोडवायला घेतली. मनगट पुरतं वळत नव्हतं, वेळ लागत होता. मी हात लावला नाही.