शाळेवरचं आभाळ

मी ड्रोन बोलतोय. घाबरू नका, डोक्यावर नाही. हल्ली माझा मुक्काम पिशवीतच जास्त.

सोनईजवळच्या एका गावात मी अश्विनीकडे आलो. लग्नं, हळदी, जयंतीची मिरवणूक, सगळं आम्ही दोघांनी मिळून टिपलं. पण खरं सांगू? माझा जीव जडला तो शाळेच्या मैदानावर. मुलींच्या कबड्डीचं शूटिंग अश्विनी हौसेनं, फुकट करायची. मी वर गेलो की मुली खेळ सोडून माना वर करायच्या, हात हलवायच्या. "ताईचा ड्रोन आला!" लग्नातली माणसं मला बघून नुसते केस सारखे करतात हो. इथं मला कुणीतरी ओळखत होतं.

तिथंच घात झाला.

एका दुपारी आम्ही परगावी हळदीला गेलो होतो. शाळेवर दुसऱ्याच कुणाचा तरी ड्रोन आला. मुलींना वाटलं, मीच. त्यांनी हात हलवले, नाचून दाखवलं. मग त्याच नाचावर घाणेरडं गाणं चढवलेला व्हिडिओ गावभरच्या मोबाईलवर फिरला. मुलींनी मैदान सोडलं. संघातली प्रज्ञा तर शाळेतच येईना.

ग्रामसभेत विषय निघाला, शाळेच्या आसपास ड्रोन उडवायचा नाही. सरपंच वैजनाथराव म्हणाले, "अश्विनी, तुजा चालंल की. तू घरचीच हायेस."

माझ्या जिवात जीव आला.

अश्विनी उभी राहिली. "न्हाई. पोरींनी खालून कसं वळखायचं, कुनाचा हाय त्यो? माजा बी नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी! लई राग आला मला तिचा.

पण बंदी सगळ्यांनाच लागू झाली आणि मुली हळूहळू परतल्या. प्रज्ञाही आली. आता लग्नाच्या शूटिंगच्या सुपारीला जाताना अश्विनी शाळेपाशी गाडी थांबवते. पिशवीची चेन बंद असते. "कबड्डी, कबड्डी" असा लांबलेला दम ऐकू येतो, दिसत काही नाही. एकदा, फक्त एकदा वर जाऊन त्या माना पाहाव्यात असं फार वाटतं. अश्विनीलाही वाटत असावं. पिशवीवर हात ठेवून ती जरा वेळ तशीच थांबते, मग गाडी सुरू करते.

पोरींनो, माझं एवढंच ऐका. शाळेवर पुन्हा कधी घरघर ऐकू आली, तर हात हलवू नका. आत जा, बाईंना सांगा.

तो मी नसेन.