आबेदाचा गोल ओव्हन

मित्रांनो, या जगाला प्रकाश देणारे पुष्कळ होऊन गेले. त्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे आहेत. पण जगाला ऊब देणारे फार थोडे निपजले, आणि त्या थोड्यांमध्ये माझे नाव सोन्याच्या अक्षरांनी कोरले जाईल याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. अडचण एवढीच आहे की मला नाव नाही. बुडाशी कंपनीच्या नावाची एक चिठ्ठी होती, ती पहिल्याच केकला जळाली.

मी एक जुना गोल ओव्हन आहे. पातेल्याला गर्व झाला तर ते जसे दिसेल, तसा मी दिसतो. अंग अल्युमिनियमचे, आत तारेचे कॉइल, बाजूला दोन काळ्या मुठी. मला बटण नाही. पिन लावली की तापतो, काढली की निवतो. इतका सरळ स्वभाव माणसात सापडत नाही. झाकणाच्या मधोमध काचेचे एक भिंग आहे. केक फुगला की नाही ते पाहायला ते बसवले आहे असे लोक समजतात. खरे म्हणजे तो माझा डोळा. मात्र तो वर लागलेला असल्यामुळे मला माणसे जन्मभर खालूनच दिसली. जो तो वाकून माझ्यात बघे आणि मला आधी त्याच्या नाकपुड्या दिसत. नाकपुड्यांवरून माणूस ओळखणारा माझ्यासारखा दुसरा जाणकार खानदेशात नसेल.

माझी उमेदवारी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एका गार्डसाहेबांच्या घरी झाली. गार्डसाहेबांची बदली निघाली तेव्हा बाईंनी सामान कमी करायला घेतले. त्यांचा पंखा दुरुस्त करायला जळगावहून कय्युम आला होता. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, जे बिघडेल ते तो सुधारी. बाईंनी मजुरीऐवजी त्याच्या हातात मला ठेवले. तो मला सायकलच्या मागे बांधून घरी घेऊन आला. त्याची बायको आबेदा दारातच उभी होती.

"हे काय आणलंत?"

"ओव्हन. केक होतो यात."

"जळगावात मे महिन्यात छपरावर पातेलं ठेवलं तरी केक होईल," ती म्हणाली. "याला कशाला वीज?"

(घरात ती दोघे आपल्या हिंदीत बोलत आणि गल्लीत मराठीत. मला दोन्ही भाषा येतात. तुमच्यासाठी मी सगळे मराठीत सांगतो.)

आबेदाने केलेला पहिला केक इतका कडक झाला की कय्युमने त्यावर खिळा ठोकला तर खिळाच वाकला. दुसऱ्याने निदान खिळा वाकवला नाही. पण बाई हट्टी होती. कय्युमचा एक दोस्त फैजपूरला केळीच्या गाड्या भरी. जास्त पिकल्यामुळे गाडीत न चढणारी केळी तो पिशवी भरून देई. ती केळी, रवा, दही आणि साखर यांचे तिने हळूहळू असे जुळवून आणले की वासानेच गल्लीतली पोरे अभ्यास सोडून येत. अंडे ती घालत नसे, कारण शेजारच्या भागाबाईच्या घरात अंडे चालत नव्हते, आणि भागाबाईच्या घरात न चालणारा केक आबेदाच्या हिशेबी केकच नव्हता.

ही भागाबाई धुळ्याकडची. जळगावात तिचे केस पांढरे झाले, पण बोली तिने बदलली नाही. भिंतीवरून डोके काढून ती हाक मारी, "आबेदा व! तुना ओव्हन दे बरं जरासा. आमना विक्रमना वाढदिवस शे."

"घे की अक्का. पण पाणी लावू नको गं कॉइलला. मरेल तो."

"तुना नवऱ्याले इतकी जपत नहीस!"

"नवरा स्वतःला दुरुस्त करू शकतो," आबेदा म्हणे.

असा मी घरोघर फिरू लागलो. ज्या घरी वाढदिवस, त्या घरी माझा मुक्काम. मला पिन लावली की गल्लीतले दिवे मंद होत आणि पंखे दम खात फिरत. त्यावरूनच लोकांना कळे, आज कुणाचा तरी वाढदिवस आहे. आपल्याकडे मागून आणलेले भांडे रिकामे परत करीत नाहीत. त्यामुळे परतताना माझ्या पोटात केकची एक वडी, मूठभर फरसाण किंवा दोन केळी असत. आबेदा झाकण उघडून आधी आत बघे, मग भिंग पुसे. तिच्या नाकपुड्या आनंदाने कशा फुलत, ते मीच सांगू शकतो.

सजावटही तीच करी. क्रेप कागदाच्या झिरमिळ्या, गव्हाच्या पिठाची खळ, आणि टोप्या जुन्या लग्नपत्रिकांच्या. पत्रिकांचा कागद जाड, वर सोनेरी छपाई, मग वेगळी सजावट हवी कशाला? फक्त कापताना मजकुराकडे तिचे लक्ष नसे. एकदा विक्रमच्या कपाळावर 'भोजन दुपारी साडेबारा ते तीन' असे आले, आणि आबेदाच्या आकिबच्या कपाळावर 'कृपया आहेर आणू नये'. दोन्ही पोरे दिवसभर त्याच टोप्या घालून गल्लीत हिंडली. विक्रमकडे लोक जेवायला आले नाहीत हेच नवल.

भारनियमनाच्या काळात तर आम्ही पराक्रम केले. अर्ध्या केकला वीज गेली की आबेदा मला गोधडीत गुंडाळून कुशीत घेऊन बसे. एखादे आजारी मूल घेऊन बसावे तशी. आतल्या उबेवर केक पुरा होई. बाहेर पोरे अंधारात विचारीत, "झाला का?" आणि ती म्हणे, "श्वास घेतोय." मित्रांनो, माझे कौतुक अनेकांनी केले, पण माझ्याबद्दल इतके खरे कुणी बोलले नाही.

मग कोपऱ्यावर केकचे दुकान निघाले. पुढे त्याच्या समोर दुसरे निघाले. पोरे मोठी झाली, त्यांना केकवर क्रीमची फुले हवी झाली. भागाबाईची हाक आधी वर्षातून एकदा येऊ लागली, नंतर येईनाशीच झाली. आकिब शिकला, कमावता झाला, शाझियाशी त्याचे लग्न झाले आणि ती दोघे महामार्गापलीकडच्या कॉलनीत फ्लॅटमध्ये राहायला गेली. मला आबेदाने माळ्यावर ठेवले. वर असल्यामुळे मला आता फक्त छताचे पत्रे दिसत. पत्र्यांना नाकपुड्या नसतात, त्यामुळे कंटाळा येई.

आकिबला मुलगी झाली, अफरीन. तेव्हापासून आबेदाच्या मनात एकच गोष्ट होती. गल्लीतल्या सगळ्या पोरांनी तिच्या हातचा केक खाल्ला होता. तिच्या नातीने अजून चाखला नव्हता. दर वाढदिवसाला काहीतरी आडवे येई. कधी केक आधीच सांगून ठेवलेला असे, कधी पार्टी हॉटेलात असे. मागच्या डिसेंबरात अफरीन पाच वर्षांची होणार होती. आबेदाने फोन लावला. माळ्यावर मला सगळे ऐकू आले.

"शाझिया, यंदा केक मी करू का गं?"

"करा ना अम्मी! त्यात विचारायचं काय? अफरीन खूश होईल."

शाझिया वाईट नाही, मित्रांनो. सून वाईट असती तर माझी गोष्ट सोपी झाली असती.

मला खाली उतरवले. कय्युमचे हात आता थरथरतात, पण त्याने दुपारभर बसून नवे कॉइल बसवले आणि वायरीला काळी पट्टी गुंडाळली. भागाबाई काठी टेकत बघायला आली.

"जित्ता शे का तो अजून?"

"तुझ्या-माझ्यापेक्षा बरा आहे, अक्का," कय्युम म्हणाला. "याचे सुटे भाग मिळतात."

"दादीना हातना केक! नशीबवान शे पोर."

मला पिन लावली. पंखे मंद झाले नाहीत, वीज सुधारली आहे. पण केक जुन्यासारखाच फुगला. आबेदाने वर साय आणि साखर फेटून थापली आणि टुटीफ्रुटीचा एकेक कण चिमटीने ठेवून 'अफरीन' असे नाव लिहिले. मग तिच्या लक्षात आले की केक न्यायला खोका नाही. खोके दुकानवाल्यांकडे असतात. तिने केकचा डबा पुन्हा माझ्याच पोटात ठेवला, झाकण ओढणीने बांधले आणि मला मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली. खड्डा आला की मला पोटाशी धरी. कय्युम म्हणाला, "आकिबला दवाखान्यातून आणलं तेव्हा इतकी सांभाळत नव्हतीस."

"तो सांडणारा नव्हता," ती म्हणाली.

पार्टीचा हॉल खालूनच बघूनही मी दिपून गेलो. फुग्यांची कमान, फुग्यांचे हत्ती, फुग्यांचे आकडे. मधल्या टेबलावर तीन मजली केक. काळा टी-शर्ट घातलेला सजावटवाला धावत आला. "आंटी, हे काय आहे? अरे, हे तर व्हिंटेज!" वस्तू कामाची उरली नाही म्हणजे ती व्हिंटेज होते, हे मला तेव्हा कळले. माणसांना अजून तो मान मिळालेला नाही. त्याने आतला केक काढून बाजूला ठेवला, फोटो काढायच्या कोपऱ्यात मला मांडले, पोटात प्लास्टिकचे गुलाब खोचले आणि माझे झाकण फुग्यांच्या खांबाला टेकवून उभे केले. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मला समोरचे दिसले. पूर्ण माणसे, कपाळापासून पायापर्यंत. मी हरखून गेलो. नंतर वाटले, नसते दिसले तर बरे झाले असते.

आबेदा आपला केक हातात घेऊन टेबलापाशी उभी होती. आकिब जवळ आला.

"अम्मी, मोठ्या केकचे वरचे दोन मजले थर्माकोलचे आहेत. खालचा पाहुण्यांना जेमतेम पुरेल. तुझा केक आपण तोंडाला लावायला ठेवू. पोरांना मजा येईल. छान मऊ झालाय."

मऊ झालाय, हे त्याने खरोखर कौतुकाने म्हटले. हल्ली वाढदिवसाला केक तोंडात कमी आणि तोंडावर जास्त जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

"तोंडाला थर्माकोल फासा की," कय्युम म्हणाला. "तसाही तो वायाच जायचा आहे."

"अब्बा पण ना!" म्हणून आकिब हसला. आजूबाजूचेही हसले. आबेदाही हसली. तिचे समोरून हसणे मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून ते नेहमी तसेच असते की काय, मला सांगता येणार नाही.

मेणबत्त्या झाल्या, टाळ्या झाल्या, थर्माकोलच्या मजल्यांना कुणी हात लावला नाही. मग पोरे आबेदाच्या केकवर तुटून पडली. पहिल्यांदा नाव गेले. मग साय गेली. मग मुठीमुठीने केक अफरीनच्या गालांवर, केसांत, एकमेकांच्या शर्टांवर आणि फरशीवर गेला. फोटोवाला ओरडला, "दादी राहिल्या! दादी, या, लावा आणि इकडे बघून हसा."

डब्याच्या कडेला थोडा केक शिल्लक होता. आबेदाने त्यातला चांगला तुकडा उचलला. तिने तो नातीच्या गालाकडे नेला नाही, तोंडाकडे नेला.

"आ कर बेटा."

अफरीनने डोळे गच्च मिटले आणि मान फिरवली. "नको ना दादी! फ्रॉक खराब होईल!"

तुकडा गालावर पुसला गेला. फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबले. "मस्त आला!" तो म्हणाला. तो फोटो आता आकिबच्या हॉलमध्ये चौकटीत लावला आहे, आणि येणारेजाणारे सांगतात की आजी-नातीचे प्रेम असावे तर असे.

परतताना रिक्षात मी पुन्हा मांडीवर होतो. कय्युमने डब्याच्या तळाला चिकटलेला केक नखाने खरवडून खाल्ला. "साखर जरा जास्त झाली," तो म्हणाला. साखर बरोबर होती. त्याला तिच्याकडून एक फटकारा हवा होता, एवढेच. तो मिळाला नाही.

भागाबाई दारात वाट बघत बसली होती. "कसा व्हयना कार्यक्रम?"

"छान झाला अक्का. केकचा कणसुद्धा उरला नाही."

"बठ्ठा सरी ग्या? मंग चांगलं व्हयनं! सरना म्हंजे आवडना."

"हो," आबेदा म्हणाली.

मग तिने मला मोरीत नेले, नळाखाली धरले आणि घासले. आतून, बाहेरून, कॉइलसकट. ज्या बाईने जन्मभर गल्लीला बजावले की याला पाणी लावू नका, तिने तोटी पूर्ण सोडली होती. तिला माहीत नव्हते असे मुळीच नाही. कय्युम दारात उभा राहून बघत होता. दुरुस्तीची पेटी त्याने उघडली नाही.

मित्रांनो, आता माझ्यासारख्या जुन्या वस्तूने तुम्हाला बोध करायचा असतो. जुने जपा, घरचे खा, हाताने केलेल्या गोष्टींचा मान ठेवा, वडीलधाऱ्यांच्या भावना समजून घ्या, असे मी म्हणावे अशी तुमची अपेक्षा असेल. मीही मनाशी मोठे भाषण जुळवले होते. पण हे सगळे आकिबलाही लहानपणापासून माहीत होते. तो माझ्याच केकवर वाढला आहे. तेव्हा बोध राहू द्या.

हल्ली मी स्वयंपाकघरात खिडकीखाली असतो आणि आबेदा माझ्यात लसूण ठेवते. त्याला हिरवे कोंब फुटले आहेत आणि ते आता माझ्या भिंगाला टोचू लागले आहेत. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलेच, तर तेवढा लसूण काढून भाजीत घाला.