निधीचा तक्ता

माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही तंजावरच्या तमिळ शाळेत. पण चेन्नईच्या टी. नगरातल्या आमच्या घरात माझ्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नाही. मुलगा सेतुमाधव बँकेत मोठा साहेब. घरी आला की मांजर.

२००७ साली नातीच्या, निधीच्या, वर्गात 'आपले समाज' असा विषय आला. प्रत्येकानं आपल्या माणसांचा तक्ता करायचा, आजीला सोबत न्यायचं. तीन संध्याकाळी मी सांगत होते, ती लिहीत होती: महाराष्ट्रातून तंजावरला आलेले पूर्वज, सणांचे पदार्थ, माझ्या आजीचा पाळणा. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. आमच्या घरात असंच लिहितात. मला नागरी लिपी वाचता येत नाही.

निधीनं विचारलंही होतं, "आजी, चालेल ना?"

"न चालायला काय झालं? तुझ्या पणजोबांची पत्रं अशीच आहेत."

वर्गात निधीनं पाळणा गोड म्हटला. मग पुण्याहून आलेल्या ऋजुताची आजी, अन्नपूर्णाबाई, चष्मा सावरत तक्त्याजवळ गेल्या.

"अगं बाई! मराठी मराठी म्हणता, आणि हे तर सगळं तमिळ!"

त्या हसल्या. दोन पोरीही हसल्या.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण टीचरला कळावं म्हणून तमिळमध्ये मी काय बोलले? "नागरीत लिही म्हणून सांगितलं होतं हिला. आजकालच्या पोरी ऐकतात कुठं?"

टीचरनं निधीला तक्ता पुन्हा करून आणायला सांगितला.

त्या दिवसापासून तिनं 'आजी' सोडलं. तमिळ पोरींसारखं 'पाट्टी' म्हणू लागली. वाढलं ते मुकाट जेवायची. ताट भिरकावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी शाळेत गेले. भर वर्गात म्हटलं, "नागरी मलाच येत नाही. पोरीच्या माथी मारलं ते खोटं." आवाज नेहमीचाच होता.

टीचरनं तक्ता मागितला. निधी म्हणाली, "फाडून टाकला."

संध्याकाळी नवा कागद मीच घेऊन आले. "लिही कण्णा," मी लाडानं म्हटलं, "परत सांगते."

पेनाचं टोपण काढून, मान खाली घालूनच तिनं तमिळमध्ये विचारलं, "कुठल्या अक्षरांत, पाट्टी?"

"त्याच. आणि वर माझं नाव घाल."

तिनं नाव लिहिलं. मी पाळण्याची पहिली ओळ सांगायला लागले.