मागचा पाय

कोतोएने दोन्ही हात कमरेवर घट्ट धरले, डावा गुडघा वाकवला आणि उडीची उंची मोजणाऱ्या काळ्या पट्टीवरून त्या एकाच पायावर सरळ वर उडी मारली. खाली आली तेव्हा गुडघा किंचित थरथरला. तिच्या गुडघ्याचे व्यायाम पाहणाऱ्या मोगामी बाईंनी यंत्रावरचा आकडा वाचला.

“पंधरा पॉइंट दोन. आता उजवा.”

उजव्या पायाने साडेसोळा सेंटिमीटर.

भिंतीशी उभ्या असलेल्या कुस्ती प्रशिक्षक हातानाका सरांनी मनातच भागाकार केला आणि टाळी वाजवली. “ब्याण्णव टक्के! नव्वद लागतात ना, बाई? झालं तर मग. नऊ दिवसांवर सेंदाई आलंय. सही करा, नाव पाठवायचा फॅक्स आजच गेला पाहिजे.”

नियम बाईंनीच घातला होता. ऑपरेशन झालेल्या डाव्या पायाची उडी चांगल्या उजव्या पायाच्या नव्वद टक्के होईपर्यंत कुस्ती नाही. नऊ महिने कोतोए दोर चढली होती, खांद्यावर बार घेऊन उड्या मारत होती. ताकद आली होती. ती एका क्षणात बाहेर काढणारा झटका आला होता का, एवढाच प्रश्न होता. तिचा दुहेरी पट, समोरचीचे दोन्ही पाय धरून पाडायचा डाव, त्या झटक्यावरच उभा होता. सेंदाई शहरातल्या निवड स्पर्धेला ती गेली नाही, तर सत्तावन्न किलो गटात तिच्या जागी मिनोरी जाणार होती.

बाईंनी पेन उघडलं आणि जुनं पान उलटलं. दुखापतीआधी उजव्याचा आकडा वीसच्या जवळ होता.

चांगला पाय इतका उतरतो? उतरूही शकतो. पण सकाळी मॅट पुसताना त्यांनी पाहिलं होतं. सगळ्या मुली ओळीत वाकून ओल्या फडक्यांवर हात टेकतात, आणि टाळी वाजली की फडकं ढकलत पलीकडच्या टोकापर्यंत धावतात. पूर्वी कोतोए डावा पाय मागे रोवून सुटायची. सकाळी मागे उजवा होता, आणि तरी ती सगळ्यांच्या हातभर पुढे पोचली होती.

“ताई, साडेसोळा?” बादलीत फडकी पिळणारी मिनोरी हसली. “आमची आजी बर्फातल्या बुटांवर याहून उंच उडते!”

“तुझ्या आजीला घेऊन ये मग,” कोतोए म्हणाली.

“मिनोरी,” बाई म्हणाल्या, “ये, तू मार. उजव्याने.”

“मी कशाला?”

“यंत्र तपासायचंय.”

बाई खोटं क्वचितच बोलत. त्यांनी नजर वर केली नाही.

मिनोरीने हात पुसले आणि उडी मारली. अठरा पॉइंट तीन. मुलींनी आरडाओरडा केला.

“ताई, बसा आता स्टोव्हपाशी! चहा आणू का?”

“सरक,” कोतोए म्हणाली.

तिने पट्टीवर पाय ठेवला. या वेळी तिने श्वासही मोजून घेतला नाही.

“एकोणीस पॉइंट आठ.”

मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोतोएने मिनोरीच्या नाकासमोर मूठ नाचवली आणि कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसली. मग हसू आधी गेलं. मूठ थोडा वेळ तशीच वर राहिली.

सरांनी या वेळी भागाकार केला नाही. खिडकीशी जाऊन ते बाहेरच्या बर्फाकडे पाहत राहिले.

“सत्त्याहत्तर टक्के,” कोतोएच म्हणाली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “यंत्र ठीक होतं. मी खोटं बोलले.”

“कळलं, बाई.” ती थांबली. “मीही. उजव्याने मुद्दाम कमी मारली होती.”

मिनोरीला आता सगळं उमगलं होतं. तिच्या हातातल्या फडक्यातून पाणी टपटपत होतं. “ताई, मला खरंच माहीत नव्हतं…”

“नीट पिळ ते. आणि सेंदाईत तुझा डावा हात खाली सोडू नकोस, नेहमी सोडतेस. आण इकडे.”

मुली ओळीत वाकल्या. कोतोएने फडक्यावर हात टेकले, उजवा पाय मागे नेला. क्षणभर तशीच राहिली. मग पाय बदलला.

टाळी वाजली. बाकीच्या निघून गेल्या. डावा सुटायला जरासा उशीर लागला.

पलीकडच्या टोकाला ती सगळ्यांत शेवटी पोचली. फडकं उलटं केलं, आणि पुन्हा डावाच पाय मागे ठेवला.