आजोबा ‘भेक’ म्हणाले होते

मित्रांनो, दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या एका सरकारी क्वार्टरच्या कूलरखाली राहणारा मी एक म्हातारा भेक आहे. बेडकाचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. तो गुळगुळीत, मी खरबरीत. रूपाचं सोडा, ते मला कधीच नव्हतं.

माझी कातडी मात्र मोठी कारागीर. तिच्यातल्या बारीक ग्रंथी बुळबुळीत द्रव पाझरवून मला ओलसर ठेवतात. डोळ्यांमागच्या दोन फुगीर ग्रंथींत दुधासारखं पांढरं विष तयार होतं. तोंडात गेलं तर ते हृदयाची लय बिघडवतं. मी ते कुणावर उडवत नाही. मला कुणी दाबलं, चावलं, तरच ते बाहेर येतं.

पाच पावसाळे मी इथले किडे आणि झुरळं खाल्ली. घरच्या अरुणाताई म्हणायच्या, "राहू दे त्याला, बिचारा काम करतो." ऐकून मी आणखी फुगायचो. त्यांची नऊ वर्षांची कृतिका अंगणात टिंगूशी खेळायची. टिंगू म्हणजे तिचं कुत्र्याचं पिल्लू. चेंडू हवेतच झेलायचं.

यंदा जूनमध्ये एका दुपारी कृतिकानं मला ओंजळीत उचललं. "आजोबा, देखो ना, मेंढक!"

खोलीतून दिनकरआजोबा घाबरून ओरडले, "अगं, भेक! भेक!"

कूलरची घरघर चालू होती. त्यात दिल्लीत वाढलेल्या पोरीनं हा शब्द कधी ऐकलेलाच नव्हता.

"फेकू? अच्छा!" म्हणत तिनं मला फेकलं.

टिंगूनं मला हवेतच झेललं. त्याचे दुधाचे दात माझ्या ग्रंथींत रुतले. मला विष आवरता येत नाही हो, मित्रांनो! त्यानं मला लगेच टाकलं, पण त्याच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटले. रिक्षानं त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी कृतिका नुसता पट्टा घेऊन परतली.

शेजारचे विक्रांतकाका काठी घेऊन आले. आजोबा आडवे आले. "त्याचा काय दोष? पोरीला शब्द मी शिकवायला हवा होता," म्हणाले आणि रडले.

आता कूलरपाशी कृतिकाच्या अक्षरातली पाटी आहे: ‘इथे भेक राहतो. हात लावू नका.’ मित्रांनो, तुम्हीही आम्हाला लांबूनच बघा. आणि घरातलं कुणी अनोळखी शब्द बोललं, तर आधी अर्थ विचारा.

नळाखाली टिंगूची वाटी अजून आहे. कृतिका ती रोज भरते. उन्हानं माझी कातडी तडतडते, पण त्या पाण्यात मी उतरत नाही.