पाण्याची रेघ

एतवारीने राखेत मूठभर वाळू मिसळली आणि पेंढ्याच्या बोळ्याने पातेल्याचा तळ आणखी एकदा रगडला. सून जौनी पानं तोडायला रानात गेली होती. ती परतायच्या आत तिच्या माहेरचं हे जर्मनचं पातेलं लख्ख करायचं, असं एतवारीने मनात धरलं होतं. सरहुलाच्या सणाला लागणाऱ्या हंडियाचा, तांदूळ आंबवून केलेल्या दारूचा, भात यंदा यातच शिजणार होता. स्वतः एतवारी जन्मभर मातीच्या मडक्यात शिजवत आली होती. पण विहीण गेल्या थंडीत वारली, पातेलं लेकीकडे आलं, आणि पोरीच्या आईचं भांडं असं काळंकुट्ट चुलीवर चढवायचं तिच्या जिवावर आलं.

"हळदीच्या दिवशी मला कुणी एवढं चोळलं नव्हतं," अंगणात दोर वळत बसलेला तिचा नवरा सुकरा म्हणाला.

"तुम्हाला चोळून काय उजेड पडला असता?"

जौनी आली. पानांचा भारा टाकून तिने पातेलं उचललं, उजेडाकडे वळवलं आणि आतल्या कडेवरून बोट फिरवू लागली.

"आई, यातली रेघ?"

"कसली रेघ? काळं होतं, ते सगळं काढलं. बघ, तोंड दिसतंय."

जौनी हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही.

"माय त्या रेघेपर्यंत पाणी घालायची. उकळून उकळून पडली होती. आतलं काळं कुणाला काढू द्यायची नाही. म्हणायची, काळं गेलं की भाताला भांड्याची चव येते." मग घाईघाईने ती म्हणाली, "असू दे. तुम्हाला काय माहीत."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं एतवारीच्या मनात आलं. तिला रडूच आलं होतं, पण रडायचा हक्क आज सुनेचा होता. तिने चूल पेटवली आणि पातेलं वर ठेवलं.

"तांदूळ आज नकोत. नुसतं पाणी उकळू. पुन्हा काळं होईस्तोवर रोज उकळू. कुठवर घालू, सांग."

"मला नाही सांगता येणार. मी रेघ बघून घालायचे."

"आणि रेघ पडायच्या आधी?"

"मी लहान होते. मी ओतायचे, माय सांगायची."

"मग आता मी ओतते. तू डोळे मीट."

एतवारीने घागर कलती केली. पाणी तळावर वाजलं, मग आवाज हळूहळू जड होत गेला. जौनी डोळे मिटून चुलीपाशी बसली होती. घागर निम्मी झाली तरी ती गप्पच. एतवारीचे हात भरून आले, पण तिने धार थांबवली नाही.

"पुरे की गं! आख्खी नदी ओततेस काय!"

एतवारीचा हात जागीच थांबला. जौनीने जीभ चावली, तोंडावर हात ठेवला. सासूला कधी अरेतुरे न करणारी पोर ती. आणि आवाजही तिचा नव्हता. चांगला खणखणीत, थोडा नाकात.

अंगणात सुकरा दोर वळायचा थांबला.

"कोण आलंय गं घरात?" सुकराने विचारलं.

एतवारीने घागर खाली ठेवली, पाणी कुठवर आलंय ते वाकून नीट पाहिलं, आणि चुलीत एक लाकूड सारलं.

"विहीणबाई आल्यात," ती म्हणाली. "पाणी बघायला."